एका आवृत्तीची गोष्ट

शाळेंत शिकवीत असतां एक अडचण मला वारंवार येई. "पान चाळीस उघडा" म्हणावें, तों निम्म्या वर्गाजवळ जुनी आवृत्ति आणि निम्म्याजवळ नवी! धडा तोच, पण उदाहरणांतील आंकडे बदललेले. मग कोणाचें चुकलें हें ठरविण्याआधीं कोणी कोणतें पुस्तक वापरलें, हें पाहावें लागे. हीच अडचण या शतकाच्या आरंभीं पदार्थविज्ञानाच्या एका मोठ्या उद्योगापुढें उभी राहिली.

जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेंत प्रचंड कण-प्रवेगक उभारला जात होता. त्यांतून निघणारी माहिती एका ठिकाणच्या संगणकांना आवरणार नाहीं, हें उघड होतें. म्हणून २००१ सालीं जगभरचे संगणक जोडण्याची योजना मान्य झाली. तींत पुढें सुमारें ४० देशांतील १७० च्या आसपास केंद्रें सामील झालीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचें केंद्र त्यांपैकींच एक होय.

परंतु प्रयोगाचें सॉफ्टवेअर एकटें चालत नाहीं. तें अनेक पूरक आज्ञावलींवर विसंबतें, त्या आणखी दुसऱ्यांवर, आणि शेवटीं सारा भार संगणकाच्या मूळ प्रणालीवर येतो. या सांखळींतील एक कडी निराळ्या आवृत्तीची असली, कीं काम बंद पडतें. किंवा त्याहून वाईट म्हणजे काम चालतें आणि उत्तर किंचित् बदलतें.

आरंभीं प्रत्येक केंद्राच्या सामाईक साठ्यांत प्रत्येक नवी आवृत्ति वेगळी बसविली जाई. कोठें ती अर्धवट बसे. आणि शेंकडों संगणक एकदम त्या साठ्याकडे वळले, कीं तो अडून बसे.

२००८ च्या सुमारास सर्नमध्यें एक साधी कल्पना पुढें आली. गांवोगांव पुस्तक छापण्याऐवजीं ग्रंथ एकाच ठिकाणीं सिद्ध करावा आणि ज्याला जें पान लागेल तेवढेंच त्याला धाडावें. हीच 'सर्न-व्हीएम फाइल सिस्टिम'. मूळ प्रत एकाच जागीं बदलतां येते. तिच्या प्रतिकृति दूरदूर ठेवलेल्या असतात. एकदां आलेलें पान जवळच्या साठ्यांत राहतें व शेजाऱ्याच्याहि उपयोगी पडतें. प्रत्येक फाइल तिच्या मजकुरावरून गणितानें काढलेल्या खुणेनें साठविली जाते. एक अक्षर बिघडलें तरी खूण जुळत नाहीं. आणि दहा आवृत्तींत तीच फाइल असली, तरी ती एकदांच ठेवावी लागते.

आतां कोणी विचारील, सर्वांनीं मिळून एकच चुकीची आवृत्ति वापरली तर? शंका रास्त आहे. एकसारखेपणा म्हणजे सत्य नव्हे. म्हणूनच ४ जुलै २०१२ रोजीं नव्या कणाची घोषणा झाली, तेव्हां अ‍ॅटलास व सीएमएस या दोन प्रयोगांनीं आपापल्या स्वतंत्र यंत्रांवरून निष्कर्ष काढले होते. पण चूक शोधावयाची, तर प्रथम ती पुन्हां तशीच घडवितां आली पाहिजे. आणि त्यासाठीं जुनी आवृत्ति जपून ठेवलेली असली पाहिजे.

वर्गांत मी उत्तर तपासण्याआधीं पुस्तक पाहात असें. तो रिवाज अगदींच वायां नव्हता, असें आतां वाटतें.