दुचाकीस्वार दिसत का नाही?

पुणे-नाशिक रस्त्यावर नाशिक फाट्यापासून निघालेली वाहतूक भोसरी, मोशी, चिंबळी फाटा आणि कुरुळी ओलांडून चाकणला पोहोचते. गुरुवारची औद्योगिक सुट्टी वगळता रोज पाळी भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी या रस्त्यावर दुचाकींची अक्षरशः रीघ लागते. याच रस्त्यावरून कंटेनर, ट्रेलर आणि कामगारांच्या बसही धावत असतात. या पट्ट्याचे दुचाकीशी नाते केवळ प्रवासापुरते नाही. बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये बाजारात आलेली ‘पल्सर’ येथेच तयार होऊ लागली. देशभरातील राज्य परिवहन उपक्रमांसाठी प्रशिक्षण व संशोधन करणारी, १९६७ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मार्ग परिवहन संस्थाही (सीआयआरटी) भोसरीतच आहे. तरीही येथील रस्त्यावर दुचाकीस्वार हाच सर्वाधिक असुरक्षित घटक आहे आणि हे चित्र देशभरातील चित्राशी जुळणारे आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यात दुचाकीवरील व्यक्तींचे प्रमाण ४४.५ टक्के होते.

अपघातानंतर मोटारचालकाच्या तोंडी हमखास येणारे वाक्य म्हणजे ‘तो मला दिसलाच नाही’. ते दरवेळी खोटे असते असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी करणारा हॅरी हर्ट यांचा अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या अपघातांपैकी सुमारे दोनतृतीयांश घटनांत त्या वाहनाच्या चालकाने मोटारसायकलचा मार्ग अडवला होता, असे त्यात आढळले. चालकाने तिकडे पाहिलेच नव्हते किंवा पाहूनही दुचाकी त्याच्या नजरेत भरली नव्हती.

याची कारणे साधी आहेत. समोरून येणाऱ्या दुचाकीची रुंदी मोटारीच्या निम्म्याहून कमी असते. मोटारीच्या पुढच्या काचेलगतच्या खांबाआड ती सहज लपते. शिवाय सरळ रेषेत जवळ येणारी वस्तू पार्श्वभूमीच्या तुलनेत जवळपास स्थिर भासते. तिचा आकार बराच वेळ फारसा वाढत नाही आणि अखेरच्या क्षणी एकदम मोठा होतो. वेगाचा अंदाज चुकतो तो इथेच. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी सेकंदाला सुमारे १४ मीटर अंतर कापते. समोरची मोटार अचानक उजवीकडे वळली आणि ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात २१ मीटर संपलेले असतात.

ट्रेलरच्या डाव्या बाजूला

औद्योगिक पट्ट्यातील खरा धोका मात्र अवजड वाहनांच्या अगदी जवळ असतो. ट्रक किंवा ट्रेलरचा चालक उजव्या बाजूला आणि उंचावर बसतो. केबिनच्या डाव्या दाराखालचा भाग, पुढच्या बंपरसमोरची काही फूट जागा आणि मागच्या फाळक्यामागचा पट्टा त्याला थेट दिसत नाही. सिग्नलला गाड्यांच्या फटींतून पुढे सरकत थेट ट्रकच्या बंपरसमोर जाऊन थांबणे ही येथील चौकांत सर्रास दिसणारी सवय आहे. सिग्नल सुटल्यावर दुचाकी क्षणभर बंद पडली, तर वर बसलेल्या चालकाला समोर कोणी आहे याचा पत्ताही लागत नाही.

डावे वळण त्याहून घातक ठरते. कारखान्याच्या फाटकात किंवा औद्योगिक वसाहतीतील अरुंद रस्त्यावर डावीकडे वळण्यासाठी लांब ट्रेलर आधी थोडा उजवीकडे घेतला जातो. त्यामुळे डाव्या बाजूला मोकळी जागा तयार होते आणि ‘वाट दिली’ असे समजून दुचाकीस्वार तिच्यात शिरतो. ट्रेलर वळू लागला, की त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने न जाता आतून, म्हणजे नेमकी त्या जागेवरून जातात. पदपथ किंवा दुभाजक लागून असेल तर बाहेर पडायला जागा उरत नाही. अशा वेळी हेल्मेटही फारसे उपयोगी पडत नाही. ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही, ही जुन्या चालकांची खूणगाठ येथे अचूक लागू पडते. उजवीकडे झुकलेल्या लांब वाहनाच्या डावीकडून न घुसता मागे थांबणे, याला पर्याय नाही.

भोसरीच्या उड्डाणपुलाची दोन्ही टोकेही अशीच सांभाळून घ्यावी लागतात. पुलावरून वेगात उतरणारी वाहने आणि खालच्या रस्त्याने येणारी दुचाकी तेथे एकमेकांत मिसळतात. आरशात एकदा पाहून भागत नाही; मान वळवून खांद्यावरून मागे पाहावे लागते.

प्रकाश, रंग आणि ‘रेडियम’

दिसण्याच्या साधनांपैकी एक आता वाहनासोबतच मिळते. १ एप्रिल २०१७ पासून देशात नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो. सुरुवातीला समोरून येणारे लोक पंजा उघडमीट करून ‘दिवा चालू आहे’ अशी खूण करीत. ती अजूनही अधूनमधून पाहायला मिळते. बॅटरी उतरेल या समजुतीने काही जण गॅरेजमध्ये वेगळे बटण बसवून घेतात आणि फुकटचे संरक्षण स्वतःहून घालवतात. न्यूझीलंडमधील ऑकलंड परिसरात झालेले आणि २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन याबाबत बोलके आहे. दिवसा दिवा लावणाऱ्या चालकांना गंभीर अपघाताचा धोका २७ टक्के कमी होता. चमकदार किंवा प्रकाश परावर्तित करणारे कपडे घालणाऱ्यांना तो ३७ टक्के, तर काळ्याऐवजी पांढरे हेल्मेट वापरणाऱ्यांना २४ टक्के कमी आढळला.

आपल्याकडे नेमका काळा रंग लोकप्रिय आहे. हेल्मेट काळे, जाकीट काळे, पावसाळ्यातला रेनकोट गडद निळा आणि कामगाराचा गणवेशही बहुधा करडा! पहाटेच्या अंधारात किंवा इंद्रायणीलगतच्या हिवाळी धुक्यात अशी आकृती रस्त्यात विरघळून जाते.

चमकदार पिवळा-हिरवा रंग आणि परावर्तक पट्टी यांत अनेकांची गल्लत होते. पहिला सूर्यप्रकाशातील अदृश्य अतिनील किरणांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. त्यामुळे तो दिवसा आणि संधिप्रकाशात उठून दिसतो, रात्री मात्र निष्प्रभ ठरतो. दुसरी वाहनाच्या दिव्याचा प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवते, म्हणून ती रात्रीची सोबती. बोलीत तिला ‘रेडियम’ म्हणतात, जरी तिच्यात रेडियमचा लवलेशही नसतो. ती हेल्मेटच्या मागे व बाजूंना, तसेच पाठीवरच्या सॅकवर लावावी. जाकिटावरची पट्टी सॅकखाली झाकली जाते, हे सहसा लक्षात येत नाही. चिखलाने माखलेला मागचा दिवा आणि वळणानंतर तसाच चालू राहिलेला इंडिकेटर यांचीही तीच गत. थांबण्यापूर्वी ब्रेक हलकेच दोनदा दाबला, तर मागच्या चालकाला आधी सूचना मिळते.

हेल्मेटचा विषय निघाला, की पुणे परिसरात वाद ठरलेला. जानेवारी २०१९ मध्ये पुणे शहरात सक्ती सुरू झाल्यावर तिला मोठा विरोध झाला. अनेक देशांतील संशोधनाचा एकत्रित आढावा मात्र नि:संदिग्ध आहे: हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के, तर डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्के घटतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार मागे बसणाऱ्यालाही ते बंधनकारक आहे आणि १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेले हेल्मेट विकता येत नाही. ओरखडे पडलेली किंवा काळी काच रात्री वापरू नये. समोरच्या दिव्यांचा प्रकाश ओरखड्यांवर फुटून पसरतो किंवा मुळातच पुरेसा आत येत नाही.

अनेक कारखान्यांत आवारात चालतानाही परावर्तक पट्ट्यांचे जाकीट सक्तीचे असते. पाळी संपली, की ते लॉकरमध्ये ठेवून कामगार काळ्या जाकिटात दुचाकी सुरू करतो आणि ट्रेलरच्या रांगेत शिरतो. तेच जाकीट घरापर्यंत अंगावर राहू द्यायला व्यवस्थापनांना फारसा खर्च येणार नाही.