दुहेरी कॅमेरा चित्रण

मोबाइल फोनचे पुढचे व मागचे कॅमेरे एकाच वेळी चालवून दोन्ही दृश्ये एका चौकटीत टिपण्याची सोय. चौकट वर-खाली विभागतात किंवा मोठ्या दृश्याच्या कोपऱ्यात छोटी खिडकी ठेवतात. सॅमसंग गॅलेक्सी एस ४ मध्ये (२०१३) ती होती. नोकिया ८ ने (२०१७) तिला ‘बोथी’ असे लाडके नाव दिले. ॲपलने आयओएस १३ पासून (२०१९) ती ॲप बनवणाऱ्यांना खुली केली. पुढे आयफोन १७ च्या (२०२५) मूळ कॅमेरा ॲपमध्येही ती आली.

खरी अडचण भिंगांची नाही. दोन संवेदकांकडून येणारा चित्रांचा ओघ एकाच प्रक्रियकाला पेलावा लागतो. फोन तापतो, बॅटरी झपाट्याने उतरते. त्यामुळे अनेकदा चित्राची सुस्पष्टता किंवा दर सेकंदाच्या चौकटी कमी कराव्या लागतात. बीरिअलसारख्या ॲपने जोडचित्र लोकप्रिय केले, पण त्यात सुरुवातीला आधी मागचा, मग पुढचा कॅमेरा चाले. म्हणजे काटेकोरपणे ते एककालिक नव्हेच. बारशात पाळणा हलवणारी आजी आणि चित्रण करणाऱ्या नातवाचे हसू एकत्र टिपायचे, तर मात्र दोन्ही कॅमेरे खरोखरच एका क्षणी चालावे लागतात.