कोल्हापुरी चपलेचं फॅशन कोलाज कसं करतात?

मासिकांतली कात्रणं नव्या मांडणीत चिकटवून केलेलं चित्र म्हणजे कोलाज. हा शब्द ‘चिकटवणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला आहे. पिकासो आणि ब्राक यांनी १९१२ मध्ये हे तंत्र चित्रकलेत आणलं.

कोल्हापुरी चपलेचं कोलाज करायला चपलेचाच फोटो लागतो असं नाही. चामड्याच्या बॅगेच्या जाहिरातीतून तळ आणि कान, दागिन्यांच्या पानातून वेणी, लाल साडीच्या फोटोतून गोंडा कापता येतो. तुकडे आधी जाड कागदावर मांडून पाहावेत, मगच चिकटवावेत. पातळ गोंदाने मासिकाचा कागद सुरकुततो. त्यामुळे ग्लू स्टिक बरी. चित्र वाळेपर्यंत जड पुस्तकाखाली ठेवावं.

दुसऱ्याची वस्तू उचलताना तिचं मूळ सांगणंही महत्त्वाचं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, पण कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. टीका झाल्यावर कंपनीने भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य केली. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळालं. म्हणून कोलाज पोस्ट करताना चपलेचं नाव आणि कात्रणांच्या मासिकांची नावं जरूर लिहावीत.