वाणी आणि वानरकुळ
सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहांपाशी माघ पौर्णिमेच्या यात्रेत गोंडी गाणी घुमतात. त्या रानातल्या वानराला मात्र शब्द फुटत नाही. याचे कारण घशाची ठेवण, असे फिलिप लीबरमन यांनी १९६९ मध्ये मांडले. पण २०१६ मध्ये टेकमसे फिच व सहकाऱ्यांनी मकाक माकडाच्या घशाची क्ष-किरण चित्रे तपासली, तेव्हा त्यातून समजण्याजोगे स्वर निघू शकतील असे दिसले. म्हणजे खरी उणीव मेंदूत असावी: बाह्यकापासून स्वरयंत्राच्या चेतापेशींपर्यंतची थेट जोडणी माणसात ठळक आहे, चिंपँझीत विरळ. चिंपँझींपाशी सांगण्यासारखे काही नसते, हा आक्षेप टिकत नाही. वाशो ही चिंपँझी मादी हातांच्या खुणांनी वस्तू मागे. व्हिकी या दुसऱ्या चिंपँझीला मात्र वर्षानुवर्षे शिकवूनही ‘मामा’सारखे चारच घोगरे शब्द जमले, तेही सुरुवातीला तिचे ओठ हाताने जुळवून.