माहितीपटामुळे काही बदलतं का? एमटीव्हीपासून बीडपर्यंत



पीएच.डी.च्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी मोठ्या उत्साहाने एक वाक्य लिहिलं होतं: बीड जिल्ह्यातल्या काही गावांत अल्पवयीन मातृत्वावरचा माहितीपट दाखवायचा आणि आधी-नंतरचा फरक मोजायचा. सरांनी समासात लाल पेनाने एवढंच लिहिलं, "नसता दाखवला तर काय झालं असतं?" तेव्हा जरा राग आला. एम.एस्सी. संख्याशास्त्रात झालेलं, आता हे पण शिकायचं का? मग या विषयाचा इतिहास वाचायला बसलो आणि लक्षात आलं, सगळं घोडं इथेच तर अडलंय.

सुरुवात अमेरिकेपासून करू. जून 2009 मध्ये एमटीव्हीवर 'सिक्स्टीन अँड प्रेग्नंट' सुरू झालं. एका भागात एकच मुलगी: तिचं गरोदरपण, शाळा, घरची भांडणं, बाळंतपण आणि नंतरच्या जागरणाच्या रात्री. त्याच वर्षाच्या शेवटी 'टीन मॉम' आलं आणि त्यातल्याच काही मुलींचं पुढचं आयुष्य दाखवू लागलं. लगेच वाद पेटला. एक बाजू म्हणाली, यामुळे कमी वयातलं आईपण 'ग्लॅमरस' होतंय. दुसरी म्हणाली, उलट, हे बघून मुली सावध होतील.

2014 मध्ये मेलिसा कीर्नी आणि फिलिप लेव्हिन या अर्थशास्त्रज्ञांनी हा वाद आकड्यांवर आणला. ज्या भागांत एमटीव्ही आधीपासून जास्त पाहिलं जायचं, तिथे कार्यक्रम सुरू झाल्यावर किशोरवयीन मातांचे जन्मदर जास्त घसरले का, हे त्यांनी तपासलं. पुढच्या दीड वर्षात सुमारे 5.7 टक्के घट या कार्यक्रमामुळे झाली, असं पहिल्या मसुद्यात होतं. 2015 मध्ये शोधनिबंध छापून आला तेव्हा आकडा 4.3 टक्के झाला. वर्तमानपत्रांना आयता मथळा मिळाला.

आता सरांचा प्रश्न आठवा. अमेरिकेत 15 ते 19 वयोगटातल्या दर हजार मुलींमागे 1991 मध्ये 61.8 जन्म होते. 2009 मध्ये, म्हणजे कार्यक्रम आला त्या वर्षी, हा दर आधीच 37.9 वर आला होता. या 18 वर्षांत बहुतेक काळ घसरगुंडी चालूच होती, वर 2008 ची मंदी. डेव्हिड जेगर, थिओडोर जॉइस आणि रॉबर्ट केस्टनर यांनी तीच आकडेवारी पुन्हा उघडली. त्यांचं म्हणणं साधं होतं: एमटीव्ही जास्त पाहणारे आणि कमी पाहणारे भाग कार्यक्रमाच्या आधीपासूनच वेगवेगळ्या वेगाने बदलत होते. मग नंतरचा फरक टीव्हीचा की त्या जुन्या वेगाचा? यालाच आपण 'समांतर कल' हे गृहीतक म्हणतो. ते तपासल्याशिवाय 'आधी-नंतर' या शब्दांना काही अर्थ नाही.

आपल्याकडे टीव्हीकडून समाज बदलायची आशा याहून जुनी आहे. 7 जुलै 1984 ला दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. मेक्सिकोच्या मिगेल साबिदो यांच्या पद्धतीवरून, कुटुंबनियोजनाचा संदेश डोळ्यासमोर ठेवून. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी तिचा अभ्यास केला तेव्हा एक गंमत दिसली. सोसणारी आई भागवंती बघून प्रेक्षकांनी 'असं सोसू नये' हे शिकावं, अशी अपेक्षा होती. कित्येकांना मात्र तीच आदर्श वाटली! 2008 मध्ये 'बालिका वधू' आली, तीही राजस्थानातली काल्पनिक गोष्ट. अमेरिकेसारखा, खरी मुलगी नावानिशी दाखवणारा कार्यक्रम आपल्याकडे रुजला नाही.

का नाही? इथे बीडला यावं लागतं.

अमेरिकेतली ती मुलगी बहुधा अविवाहित. बीडमधली मुलगी लग्न झालेली, म्हणून गावाच्या लेखी ती 'किशोरवयीन माता' नसतेच, ती कुणाची तरी सून असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 (2019-21) नुसार 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 18 च्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात 21.9 टक्के, बीडमध्ये 43.7 टक्के. कायद्याचा इतिहासही इथे निराळा आहे. 1929 चा शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात, 1948 पर्यंत. मुलीच्या लग्नाचं वय 18 झालं ते 1978 मध्ये. 11 ऑक्टोबर 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीन पत्नीशी संबंध हाही बलात्कारच ठरवला. पोक्सो कायद्याचं कलम 23 अशा मुलीची ओळख उघड करू देत नाही, आणि कलम 19 मुळे दवाखान्याला पोलिसांत कळवावंच लागतं. ओळख लपवणं योग्यच आहे. पण कळवणं सक्तीचं झाल्यावर काय होतं? दवाखान्यात वय वाढवून सांगायचा मोह होतो. म्हणजे ती पडद्यावरही नाही आणि नोंदवहीतही तिच्या खऱ्या वयाने नाही.

2019 मध्ये बीडकडे खूप कॅमेरे वळले. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या होत्या, राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या बातम्या पुन्हा बघा. लहानपणी लग्न, विशीच्या आसपास दोन-तीन लेकरं, मग ऑपरेशन, हा क्रम पुन्हा पुन्हा भेटतो. पण कमी वयातलं बाळंतपण तिथे एका वाक्यात उरकतं. ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. आई-बाप दिवाळीनंतर कारखान्यावर जाणार, मग वयात आलेली मुलगी गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची? ही गणितं जिथे आहेत, तिथे एका माहितीपटाने किती हलणार?

आणि मोजायचं तरी कसं? 43.7 हा आकडा 20 ते 24 वयाच्या बायकांचा आहे. त्या 18 च्या झाल्या साधारण 2013 ते 2019 दरम्यान, म्हणजे ती लग्नं त्याच्याही आधीची. मी 2020 मध्ये माहितीपट दाखवला असता, तर त्याचा परिणाम या आकड्यात दिसणंच शक्य नव्हतं. माझा सिनॉप्सिस इथेच कोसळला.

तुम्ही असा विषय घेणार असाल तर आधी तीन गोष्टी कागदावर मांडा. हस्तक्षेपाच्या आधी आलेख कुठे चालला होता? तुमचा आकडा नेमक्या कोणत्या वर्षांतल्या घटना मोजतो? आणि ज्या व्यक्तीला तुम्ही मोजताय, तिला तिचं गाव काय नावाने ओळखतं?

माझा प्रश्न आता बदललाय. माहितीपटाने काय बदललं, हे मी विचारत नाही. कोवळ्या आईचं वय कोणत्या कागदावर, कोणत्या टप्प्यावर नाहीसं होतं, हे शोधतोय. लाल पेनाची ती ओळ मात्र टेबलासमोर चिकटवून ठेवली आहे.