लसणाला बी नसतं, मग तो इथवर आला कसा?

माझ्या पीएच.डी.चा विषय सांगितला की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. नातेवाईक म्हणतात, "लसणावर? पाच वर्षं?" आणि इतिहासवाले मित्र म्हणतात, "तू तर बॉटनीची ना?" दोन्ही रास्त आहे. एम.एस्सी. मी वनस्पतीशास्त्रात केलं, आणि आता जी पिकं बियांवाचून, नुसत्या बेण्यावर हजारो वर्षं चालत आली त्यांच्या साठवणीचा इतिहास शोधतेय. त्यातला लसणाचा भाग आज तुमच्यापुढे मांडते. थोडं विज्ञान लागेल, पण स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कळेल एवढंच.

एक गड्डा हातात घ्या. वरचे कागदासारखे पदर एकेक करून काढा. यातला प्रत्येक पदर म्हणजे एका पानाचा खालचा भाग आहे. शेतात लसणाला जितकी हिरवी पानं शाबूत, तितकी गड्ड्याभोवती वेष्टनं. म्हणून काढणीची वेळ साधणं अवघड. लवकर काढला तर पाकळ्या भरलेल्या नसतात आणि मान ओली राहते. उशीर केला तर वेष्टनं मातीतच कुजतात, गड्डा उकलतो आणि पाकळ्या मोकळ्या होतात. खालची पानं पिवळी पडलीत, वरची अजून हिरवी आहेत, मान मऊ झालीय, तेव्हा उपटायचा. मग पातीसकट सावलीत, वारं लागेल असा दहा-पंधरा दिवस सुकवायचा. मान पूर्ण वाळून मिटली की आत बुरशीला वाट राहत नाही. साठवणीचं निम्मं काम इथंच होतं.

आता पाकळी आडवी चिरा. मधे हिरवट कोंब दिसेल. पाकळी हे बी नव्हे; भोवती शिदोरी घेऊन झोपलेला तो एक कोंब आहे.

मराठीत 'बी' आणि 'बेणं' हे दोन वेगळे शब्द आहेत याचं मला फार कौतुक वाटतं. ज्वारीचं बी, उसाचं बेणं. आल्या-हळदीचं बेणं, तसंच लसणाचं बेणं. (वात्रट पोराला "काय बेणं आहे" का म्हणतात यावर कुणीतरी स्वतंत्र प्रबंध लिहावा.) आपण लावतो तो लसूण बी धरत नाही. काही जातींना दांडा येतो, टोकाला बारक्या कंदिका येतात, त्यांच्या गर्दीत फुलंही येतात, पण ती तशीच वाळून जातात. बी धरू शकणारा लसूण जगात आहे. 1980च्या दशकात ताकेओमी एतोह या जपानी संशोधकाला तो मध्य आशियात, तिएनशान पर्वताच्या वायव्य बाजूला सापडला. लसणाचं मूळ घर तोच भाग मानतात. तिथून माणसाबरोबर बाहेर पडलेल्या लसणाला मात्र बी धरण्याची गरज उरली नाही. माणूस मोठे गड्डे निवडत गेला आणि फुलं निकामी होत गेली.

याचा अर्थ असा की तुमच्या वाफ्यातला लसूण हा मागच्या वर्षीच्या लसणाचा मुलगा नसतो. अधूनमधून होणारे बारीक बदल सोडले तर तो तोच असतो. एकाच झाडाचा तुकडा, परत परत लावलेला.

आणि बी डब्यात चार वर्षं राहू शकतं, बेणं राहत नाही. एक दुष्काळ पडला, पेरणी चुकली, तरी ज्वारीचं बी पुढच्या वर्षी उगवतं. लसूण वर्षाच्या आत जमिनीत गेला नाही तर संपला. आज बाजारात दिसणाऱ्या प्रत्येक गड्ड्यामागे मध्य आशियापर्यंत जाणारी एक ओळ आहे, आणि त्या ओळीत एकही वर्ष गाळलेलं नाही. म्हणून मी लसणाचा इतिहास शोधते तो जमिनीत नसलेल्या महिन्यांत.

अडचण अशी की जुने दस्तऐवज लसूण खाण्याबद्दल भरभरून बोलतात, ठेवण्याबद्दल फार कमी. मेसोपोटेमियात निप्पूरला कांदा-लसणाच्या हिशेबांच्या मातीच्या पाट्या सापडल्या, सव्वाचार हजार वर्षांपूर्वीच्या. अभ्यासक त्यांना 'कांद्याचं दप्तर'च म्हणतात. इजिप्तमध्ये तुतानखामेनच्या थडग्यात, म्हणजे सुमारे 3,300 वर्षांपूर्वी, लसणाचे गड्डे ठेवले होते आणि ते वाळलेल्या अवस्थेत आपल्या हाती आले. यात मला राजापेक्षा ते गड्डे ज्यानं सुकवले त्याच्याबद्दल जास्त कुतूहल आहे, पण त्याचं नाव कोण लिहून ठेवणार!

आपल्याकडे मात्र एक सुंदर प्रसंग आहे. पाली विनयपिटकात, भिक्षुणींच्या नियमांत. श्रावस्तीच्या एका उपासकानं भिक्षुणी संघाला लसूण देऊ केला आणि शेताच्या राखणदाराला सांगून ठेवलं, भिक्षुणी आल्या तर प्रत्येकीला दोन-तीन जुड्या दे. त्याच सुमारास श्रावस्तीत उत्सव आला आणि घरी आणलेला लसूण हा हा म्हणता संपला. भिक्षुणी घरी आल्या तेव्हा तो म्हणाला, घरातला संपलाय, शेतावर जा. थुल्लनंदा नावाची भिक्षुणी शेतावर गेली आणि प्रमाण न पाळता भरमसाट लसूण घेऊन आली. राखणदार चिडला, तक्रार वर गेली आणि भिक्षुणींना लसूण खायला बंदी झाली. कुठला लसूण, असा प्रश्न येईल म्हणून मजकुरात खुलासाही आहे: लसूण म्हणजे मगधातला.

धर्माचे अभ्यासक ही गोष्ट हावरेपणाची म्हणून वाचतात. मला त्यात साठवण दिसते. घरातला साठा वेगळा आणि शेतावरचा वेगळा. घरातला खाण्यासाठी, उत्सवात संपला तरी चालेल असा. शेतावरच्यावर मात्र राखणदार नेमलेला आणि प्रत्येकी दोन-तीन जुड्यांची मर्यादा. ती कशासाठी? माझा तर्क असा की शेतावरच्या लसणात पुढच्या वर्षीचं बेणं होतं. आमच्या मार्गदर्शकांना हा तर्क जरा जास्तच शेतकरी वाटतो. असेना का. राखणदार एरवी इतका का चिडेल?

दुसरा धागा लांबून येतो. 1890 साली हॅमिल्टन बॉवर हा ब्रिटिश लष्करी अधिकारी एका स्कॉटिश व्यापाऱ्याच्या खुन्याच्या शोधात पूर्व तुर्कस्तानात फिरत होता. तिएनशानच्या दक्षिण पायथ्याशी कुचा इथं त्याला भूर्जपत्रावरची एक पोथी विकत मिळाली. ती कलकत्त्याला हर्न्ले यांच्याकडे गेली, त्यांनी वाचून छापली. मूळ पोथी आता ऑक्सफर्डला आहे. पाचव्या-सहाव्या शतकातली ही पोथी वैद्यकाची, आणि तिचं पहिलंच प्रकरण संस्कृतात, पद्यात, लसणावर! राहूचं शिर उडवल्यावर सांडलेल्या रक्तातून लसूण झाला, म्हणून द्विज तो खात नाहीत, ही कथा तिथं आहे. आणि लगेच पळवाटही आहे: गाईला तीन दिवस जवळपास गवताविना ठेवायचं, मग दोन भाग गवतात एक भाग लसणाचे दांडे मिसळून घालायचे आणि तिचं दूध-तूप ब्राह्मणानं खुशाल घ्यायचं. ही पळवाट शोधणाऱ्याला माझा नमस्कार.

पण मी थांबले ती लसणाच्या उत्सवापाशी. थंडीच्या दिवसांत, बायका गारठ्यामुळे अंगावर दागिने घालत नाहीत त्या काळात, घरांसमोर, छपरांवर, खिडक्यांत लसणाच्या माळा लावायच्या, नोकरमाणसांच्या गळ्यातही घालायच्या, असं वर्णन आहे. आता माळ म्हणजे काय? वाळलेल्या पातीनं एकमेकांत गुंफलेले गड्डे. म्हणजे पातीसकट उपटून, पात न कापता सुकवलेला लसूण. आणि थंडीत माळा लावायच्या तर आदल्या उन्हाळ्यात काढलेला लसूण तोवर टिकलेला हवा. कवीला साठवणीचं वर्णन करायचंच नव्हतं, तरी ते झालं आहे.

इथं एक हिशेब मांडते. मध्य आशियात लसूण ऐन उन्हाळ्यात, जुलैच्या सुमारास निघतो आणि ऑक्टोबरात लावतात. मधे तीन महिने, तेही कोरडे. आपल्याकडे तो फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागतो. मधे सात-आठ महिने, आणि त्यात चार महिने पावसाळा! तिथून निघालेला लसूण दख्खनपर्यंत आला तेव्हा त्याला ही परीक्षा नवीन होती. जुलैत ज्याला कोंब आला, ऑगस्टात जो पोचट झाला, सप्टेंबरात ज्याला बुरशी लागली, तो लावायला उरलाच नाही. उरला तोच लागला. म्हणजे आपल्या गावठी लसणाची निवड शेतापेक्षा घराच्या आढ्यावर जास्त झाली, आणि ती करणाऱ्या बहुतेक बायका होत्या. माझ्या प्रबंधाचं हे तिसरं प्रकरण.

आढ्यावर म्हणजे चुलीवर. जुन्नर तालुक्यातल्या आमच्या घरी आजी जुड्या चुलीच्या वरच्या वाशाला टांगायची. धुरानं काळ्या व्हायच्या, कोळ्यांची जाळी लागायची. आम्ही पोरं ओझं टाकल्यासारखे गड्डे आपटायचो तेव्हा ती ओरडायची, "अंड्यासारखं धर गं!" कारण ठेचलेली पाकळी आधी सडते. पाकळी अख्खी असते तोवर तिला वास नसतो. पेशी फुटल्या की आतली दोन वेगवेगळ्या कप्प्यांतली द्रव्यं एकत्र येतात आणि तो उग्र वास तयार होतो. म्हणजे साठवणीच्या खोलीत लसणाचा वास येतोय याचा अर्थ आत काहीतरी बिघडलंय.

चुलीचं शास्त्र असं. लसणाचा कोंब सगळ्यात लवकर जागा होतो तो पाच ते दहा अंशांच्या आसपास. शून्याजवळ तो झोपलेला राहतो, शीतगृहं याच तत्त्वावर चालतात. आणि पंचवीस-तीस अंशांवर, हवा कोरडी असेल तर, तो तिथंही झोपलेला राहतो. मधल्या गारव्याचा अर्थ त्याच्या लेखी 'हिवाळा आला, उठा' असा होतो. चुलीवरची हवा भर श्रावणातही उबदार आणि कोरडी असते. आजीला अंश ठाऊक नव्हते, जागा ठाऊक होती.

मला अंश ठाऊक व्हायच्या आधीची गोष्ट सांगते. घर पाडून स्लॅबचं झालं, गॅस आला, चूल परसात गेली. जुड्या स्वयंपाकघरातच खिळ्याला टांगल्या आणि दोन पावसाळ्यांत बहुतेक सगळ्या गेल्या. आजी गेली त्या वर्षी दोनच जुड्या शिल्लक होत्या. बाबा म्हणाले, लावायला बाजारातून आणू. मी तेव्हा एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. मोठ्या जबाबदारीनं त्या दोन्ही जुड्या पुण्याला नेल्या आणि सुरक्षित राहाव्यात म्हणून फ्रीजमध्ये ठेवल्या. चार अंशांवर. ऑगस्टात सगळ्यांना कोंब फुटले. घाईघाईनं कुंड्यांत लावले, ते पावसात कुजले. मध्य आशियापासून एकही वर्ष न गाळता आलेली ती ओळ वनस्पतीशास्त्राच्या विद्यार्थिनीनं फ्रीजमध्ये संपवली. हे मी आत्तापर्यंत घरीही नीट सांगितलेलं नाही.

याला 'बीज-बँकेतून आणू' असा उपाय नाही, कारण बीजच नाही. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयातही जातींचा संग्रह जिवंत ठेवायचा तर तो लावावाच लागतो. दिल्लीच्या राष्ट्रीय ब्यूरोत लसूण परीक्षानळीत सांभाळतात. पण जो संग्रहात गेलाच नाही, तो घरात असेल तरच असेल. न तुटलेल्या ओळीला एक शापही आहे, तेही सांगायला हवं: बेण्याबरोबर विषाणूही वर्षानुवर्षं पुढे येतात, म्हणून जुना गावठी लसूण बारीक राहतो आणि लोक कंटाळून तो सोडतात. त्यांना दोष देता येत नाही.

या वर्षी मे महिन्यात क्षेत्रभेटीसाठी अकोले तालुक्यात गेले होते, तशीच वाकडी वाट करून आजीच्या माहेरी गेले. तिनं लग्नानंतर बेणं तिथूनच आणलं होतं, हे मला बाबांकडून फार उशिरा कळलं. घरात आता मोठ्या पाकळीचा विकतचा लसूण लावतात. पण मामीआजीची परसात चूल आहे, आणि चुलीवर तीन काळपट जुड्या होत्या. बारीक, जांभळट सालीचा. मी विचारलं हा कुठला, तर म्हणाली, "कुठला म्हणजे? घरचाच. चटणीला हाच लागतो." पाकळी सोलून तोंडात टाकली. चव आठवणीतलीच वाटली, पण आठवण हा पुरावा नव्हे. पुरावा म्हणाल तर बेणं याच घरातून गेलं होतं, आणि मधे बी कुठेच नाही. म्हणजे हा आजीच्या लसणासारखा दुसरा लसूण नाही. तोच आहे.

तिनं चार गड्डे दिले. पिशवीत घालू देईना, पदराचं टोक फाडून त्यात बांधून दिले. सध्या ते माझ्या खोलीत, खिडकीपासून लांब, बल्बच्या वर टांगले आहेत. बल्ब जुन्या पद्धतीचा, गरम होणारा, मुद्दाम शोधून आणलाय. मैत्रीण म्हणते खोली पोल्ट्रीसारखी दिसते. आज ऑगस्टची 9 तारीख. कोंब नाही, वास नाही. तीन घट्ट आहेत, एक किंचित हलका लागतोय.

तुमच्या घरी, आजोळी, कुणाच्या परसात असा 'घरचाच' लसूण असेल तर मला दोनच गोष्टी हव्या आहेत: बेणं कुणाच्या घरातून आलं, आणि पावसाळ्यात तो कुठे टांगतात. लसूण पाठवू नका. तुमच्याकडेच राहू दे.