अंड्यातली पहिली खाच

१९४२ मध्ये इटलीतल्या तुरीनमध्ये रीटा लेव्ही-मोंताल्चिनी ही तरुण डॉक्टर शिवणाच्या सुयांना धार लावून शस्त्रक्रियेची हत्यारे करीत होती. ज्यू म्हणून विद्यापीठाची दारे बंद, त्यामुळे प्रयोगशाळा झोपायच्या खोलीत. बॉम्ब पडू लागले तसे बिऱ्हाड खेड्यात हलले आणि ती शेतकऱ्यांकडे फलित अंडी मागत हिंडू लागली.

पिलाच्या गर्भातला पायाचा कोंब कापला की त्या बाजूला चेतापेशी कमी दिसतात, हे माहीत होते. त्या मुळात तयारच होत नाहीत, असा समज होता. रीटाला दिसले ते वेगळेच: पेशी तयार होतात, त्यांचे तंतू निघतातही, आणि मग त्या मरतात.

चेतासंस्था गर्भात कशी घडते, हे शोधणाऱ्या शास्त्राला कोंबडीच्या अंड्याएवढे कुणीच दिलेले नाही. ऊब मिळून दिवस उलटला की बलकावरच्या पांढुरक्या चकतीत मधोमध खाच पडते, तिच्या कडा उचलल्या जातात, एकमेकींना भिडतात आणि नळी, म्हणजे चेतानलिका, बनते. पुढचे टोक फुगून मेंदू, मागे मेरुरज्जू. सतराव्या शतकात मालपीगीने हे चित्रांत उतरवले. १८१७ मध्ये पांडरने गर्भाचे तीन थर सांगितले.

खरी रंगत पुढच्या वादात आहे. चेतातंतू एकाच पेशीतून फुटून वाढतो, की पेशींची साखळी जुळून बनतो? हिसने पहिली बाजू घेतली. काहालने १८९० मध्ये वाढत्या तंतूचे टोक दाखवले, पण तेही मेलेल्या, रंगवलेल्या कापांत. रॉस हॅरिसनने १९०७ मध्ये बेडकाच्या गर्भाच्या चेतानलिकेचा तुकडा लसिकेच्या टांगत्या थेंबात ठेवला आणि जिवंत तंतू वाढताना पाहिला. इतका साधा नि इतका निर्णायक प्रयोग क्वचितच सापडेल.

१९२४ मध्ये हिल्डे मांगोल्डचा निबंध आला: सॅलमँडरच्या एका गर्भाचा कणभर तुकडा दुसऱ्यात बसवला, तर तिथे दुसरी चेतानलिका उभी राहते, तीही बहुतांशी यजमानाच्याच पेशींतून. त्याच वर्षी ती भाजून गेली; १९३५ चे नोबेल तिचे गुरू श्पेमान यांना एकट्यालाच मिळाले.

मराठी मुलखात हा वारसा पुण्यात रुजला. लीला मुल्हेरकर यांनी एडिंबरोत वॉडिंग्टन यांच्याकडे पिलाच्या गर्भावर काम केले, आणि पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्या कामाचे तंत्र विद्यार्थ्यांच्या हाती दिले.

हा इतिहास वाचताना पहिल्या पानापासूनच निघावे, असा आग्रह नाही. हॅरिसनपासून सुरुवात करा. तीन थरांकडे मग सावकाश वळा.